साडेनऊची घंटा

नोटीस काढून तिसरा दिवस होता आणि साडेनऊची घंटा पुन्हा वाजली.

मी नववीला भूगोल शिकवत होते. खडू ठेवला आणि व्हरांड्यात आले. कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा अजून हलत होता. त्याच्याखाली आमचे शिपाई नामदेवभाऊ हातात लोखंडी दांडा धरून उभे होते. चेहऱ्यावर अपराधाची एक रेघ नव्हती.

"नामदेवभाऊ, ही घंटा आपण बंद केली ना?"

"हो, मॅडम."

"नोटिशीवर सही केलीत ना?"

"केली ना."

"मग आत्ता वाजवली कोणी?"

त्यांनी दांड्याकडे पाहिलं. "साडेनऊ झाले का हात आपोआप जाते, मॅडम. इतके वर्स झाले. मी त समजलो, पन हाताले कोन सांगन?"

तेवढ्यात फाटकाशी पंचवीस-तीस मुलंमुली येऊन उभी राहिली. पाठीवर दप्तरं, डोक्यावर विस्कटलेले केस, धापा टाकत. मी फाटकाजवळ गेले आणि सांगितलं की शाळा सात वाजता भरते, सात दहाला फाटक बंद होतं, उद्या वेळेवर या. हेच मी काल आणि परवा सांगितलं होतं. कोणी वाद घातला नाही. मुलं वळली आणि आली तशी गेली. मी नामदेवभाऊंकडून दांडा मागून घेतला आणि ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. सातच्या घंटेसाठी तो सकाळी द्यायचा आणि लगेच परत घ्यायचा, असं ठरवलं. चला, शिस्त लागली, असं मला त्या दिवशी खरंच वाटलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला चिकटून असलेल्या एका गावातल्या अनुदानित हायस्कूलची मी मुख्याध्यापिका होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. आधीची सगळी नोकरी चंद्रपूर शहरात झालेली. शाळा उभी केली ती एका गुरुजींनी. तेच पहिले मुख्याध्यापक. निवृत्त होऊन मुलाकडे दूर राहायला गेलेले. ऑफिसच्या दारावर त्यांच्या हातची एक ओळ होती, 'जो येईल तो आत'. रंग उडाला होता. तपासणी जवळ आली म्हणून मी पेंटर बोलावून ती ऑइल पेंटने नवी करून घेतली. नोटीस आणि पेंटर एकाच आठवड्यातले. त्यात काही विचित्र आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आमच्याकडे मार्च संपता संपता ऊन असं तापतं की शाळा सकाळची करावी लागते. सात ते साडेअकरा. जुन्या वेळापत्रकात या सकाळच्या शाळेपुढे लिहिलेलं होतं, 'दुसरी घंटा साडेनऊ'. मी स्टाफला विचारलं, हे काय? एक सर म्हणाले, उशिरा येणाऱ्यांसाठी आहे, पूर्वीपासून चालत आलंय. शहरातून आलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. अडीच तास उशिरा येणाऱ्यांचं घंटा वाजवून स्वागत करणारी शाळा मी पाहिली नव्हती. मी ती घंटा बंद केली.

चौथ्या दिवसापासून उशिरा येणारी मुलं दिसेनाशी झाली. सातलाही येईनात.

धोक्याची पहिली सूचना रुबिना शेख यांनी दिली. त्या आठवी ब च्या वर्गशिक्षिका आणि शाळेतल्या एकमेव विज्ञानाच्या शिक्षिका. वय पंचवीसच्या आत. वडिलांचं पोंभुर्ण्यात कापडाचं दुकान, त्या रोज तिथून लुनावर येत. त्यांनी हजेरीपट माझ्या टेबलावर उघडून ठेवला. बेचाळीस नावं. त्यांतल्या तीसएक नावांपुढे सलग गैरहजेरीच्या फुल्या.

"मॅडम, मला भरतकामाच्या वहीसारखं दिसायला लागलंय हे," त्या म्हणाल्या.

त्या हसल्या, पण फुल्या त्यांच्याच गळ्याशी येत होत्या. अनुदानित शाळेत मुलांच्या संख्येवर तुकड्या ठरतात आणि तुकड्यांवर शिक्षक. तपासणीत मुलं कमी दिसली की तुकडी कापली जाते आणि सर्वांत शेवटी लागलेला शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. नोकरी जात नाही, पण जिल्ह्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे जावं लागतं. सर्वांत शेवटी रुबिना लागल्या होत्या. वडिलांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, लुनाच्या पल्ल्यात आहे तोवर नोकरी कर, राजुऱ्याच्या डोंगरात पाठवलं तर राजीनामा दे आणि दुकानात बस.

"आणि मला मीटर कापता येत नाही सरळ," रुबिना म्हणाल्या. "दुकानाचंही नुकसान."

त्याच दिवशीच्या डाकेने पत्र आलं. येत्या शनिवारी विस्तार अधिकारी तपासणीला येणार. विस्तार अधिकारी म्हणजे शाळा प्रत्यक्ष बघून वर अहवाल देणारे साहेब. तुकडीचं मरण-जगणं त्यांच्या एका शेऱ्यात असतं.

मुख्याध्यापक अशा वेळी जे करतात ते सगळं मी केलं. पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. पालकसभा बोलावली. तिला एक आजोबा आले, तेही सभा संपल्यावर, पाणी प्यायला. शेवटी बुधवारी पहाटे रुबिनांच्या लुनावर मागे बसून मी स्वतः टोल्यावर, म्हणजे मुलांच्या वस्तीवर, गेले. आठवी ब ची बहुतेक मुलं गावाबाहेरच्या तीन टोल्यांवरची. शाळेच्या मागे जंगल सुरू होतं आणि टोले त्या जंगलाच्या कडेला.

सहा वाजले होते. पहिल्या टोल्यावर सगळ्या घरांना कड्या. दोन कोंबड्या, एक कुत्रा आणि अंगणात खाटेवर बसलेली एक म्हातारी. मी विचारलं, सगळे गेले कुठे?

म्हातारीने मला खालून वर पाहिलं. "मोहावर. इथी कोन भेटन तुमाले या दिवसांत? तुमी कोन गावच्या, बाई?"

चंद्रपूर म्हणाले तेव्हा तिने मान डोलावली, जणू सगळं समजलं.

पायवाटेने पाच-सात मिनिटं चाललो आणि आठवी ब सापडली. अख्खी. मोहाचं एकेक झाड एकेका घराचं. प्रत्येक झाडाखालचा पालापाचोळा झाडून अंगणासारखी जागा केलेली आणि तिच्यावर पिवळसर, मण्यासारखी गुबगुबीत फुलं पडलेली. वर बघेपर्यंत आणखी पडत होती. टपटप, सावकाश, एकेक. हवेत तो गोडसर, जरासा डोक्यात चढणारा वास. मुलं ओणवी होऊन दोन्ही हातांनी वेचत होती आणि या झाडाखालून त्या झाडाखाली बडबडत होती. शाळेत इतकी मोकळी मी त्यांना कधी पाहिली नव्हती.

आम्हाला पाहून एकदम शांतता. मग कुठल्याशा झाडामागून आवाज आला, "हजर, मॅडम." आणि सगळं रान हसलं. रुबिनांनी हजेरीपट आणला असता तर तिथेच भरला असता.

हजर म्हणणारी होती शेवंता कोडापे. वर्गात पहिल्या तीनांत येणारी. मी तिला विचारलं, रोज किती वाजेपर्यंत चालतं हे?

"ऊन चढेपर्यंत. नऊपर्यंत झाडं रिकामी होतात, मॅडम. फूल खाली पडलं का लगेच वेचा लागते. नाई त गुरं खातेत, हरणं खातेत. तिकडच्या झाडावर अस्वल येते. एक दिवस सोडला का तो दिवस गेला."

"आणि किती दिवस?"

"तीन हप्ते. लई झालं त महिना. वर्साचं तेल-मीठ यातूनच हाय ना."

"हे मला शाळेत कोणी सांगितलं का नाही?"

तिने टोपलीतली काडी काढून टाकली. मग म्हणाली, "गुरुजीची साडेनऊची घंटा होती ना, मॅडम. ती आयकली का आमी टोपलं घरी टाकून येत होतो. तुमी बंद केली. तीन दिवस आलो, तुमी फाटकावरून वापस पाठवलं. मंग आमाले समजलं, औंदा आमी नोको तुमाले."

तक्रारीचा सूर नव्हता. पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं तिने. तिच्याकडे दुसरी टोपली होती, ती मी मागितली. अर्धा तास मी आणि रुबिना फुलं वेचत होतो. माझी टोपली बघून एका मुलीने दुसरीला काहीतरी सांगितलं आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. मी फुलांबरोबर खडेही वेचले होते.

शाळेत आल्यावर मी नोटीसवह्या काढल्या. जुन्या, कसर लागलेल्या. दर वर्षी मार्चअखेर गुरुजींची एकच ओळ. 'सोमवारपासून दुसरी घंटा साडेनऊ.' खाली स्टाफच्या सह्या. पुढच्या वर्षी तीच ओळ, त्याच सह्या. कुठेही कारण नाही. लिहिणाऱ्याला माहीत होतं, वाचणाऱ्यांना माहीत होतं, मग लिहायचं कशाला? गुरुजी गेले, निम्मा स्टाफ बदलला, आणि ओळ तेवढी उरली. मी आले आणि ती ओळ वाचून, मूर्ख दिसते म्हणून, खोडून टाकली. 'जो येईल तो आत' ही दारावरची ओळ खरी ठेवणारी शाळेत एकच गोष्ट होती आणि तीच मी बंद केली होती.

नामदेवभाऊंना बोलावलं. तुम्हाला कारण माहीत होतं, मग मला का सांगितलं नाही?

"तुमी इचारलं कुठी, मॅडम? तुमी म्हटलं, बंद करा. मी म्हटलं, हो."

"नुसतं हो?"

"नाई कसं म्हनू? म्हनून त वाजवत होतो ना तीन दिवस. मले वाटलं, एखांद्या दिवशी तरी इचारतील का पोट्टे आत्ताच काऊन येऊन राह्यले."

मी कपाट उघडून दांडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला. कपाटात चार दिवसांत त्याला धूळ लागली असावी असा त्यांचा आव होता.

गुरुवारी वेळापत्रक नवं केलं. गुरुजींच्या काळचा एक जुना कागद सापडला, त्यावरूनच. साडेनऊच्या आधी चित्रकला, हस्ताक्षर, वाचन, मागचा सराव. गणित, विज्ञान, इंग्रजी साडेनऊनंतर. साडेअकराऐवजी बारापर्यंत शाळा. दोन शिक्षक कुरकुरले, त्यांची साडेअकराची बस जात होती. मी त्यांना सांगितलं, बाराची बस कमी भरलेली असते, बसायला जागा मिळेल. शुक्रवारी साडेनऊला घंटा झाली. नामदेवभाऊंनी नेहमीपेक्षा दुप्पट टोले हाणले. फाटक सताड उघडं होतं. तरी पंधरा-सोळाच मुलं आली. बाकीच्यांनी ऐकलं, पण विश्वास ठेवला नाही. फाटकावरून तीनदा परत पाठवल्यावर कोण ठेवील? शेवंताला मी सांगितलं, तिन्ही टोल्यांवर निरोप दे की घंटा कायमची सुरू झाली आहे. ती म्हणाली, देतो, पण लोकं उद्या फाटक बघतील अन् मंग येतील.

आणि उद्या तर शनिवार होता.

विस्तार अधिकारी साडेआठला येतील असा माझा अंदाज. ते आले सव्वासातला. ऊन लागायच्या आत दोन शाळा उरकायच्या होत्या त्यांना. पन्नाशीचे, बारीक, कमी बोलणारे. थेट वर्गांतच शिरले. आठवी ब मध्ये अकरा मुलं झाडाचं चित्र काढत होती. साहेबांनी पटावरचे बेचाळीस बघितले, बाकांवरचे अकरा बघितले आणि खिशातलं पेन काढलं. रुबिना फळ्याशी उभ्या होत्या. त्यांनी डस्टर दोन्ही हातांनी धरला होता.

"साहेब, साडेनऊपर्यंत थांबा," मी म्हणाले. "तेव्हा मोजा."

"मॅडम, शाळा सातची. हजेरी सातची."

मी मोहाचं सांगितलं. घंटेचं सांगितलं. माझी चूक झाली तीही सांगितली. ती लपवून काही मिळणार नव्हतं. साहेब ऐकत होते, पण पेन परत खिशात गेलं नाही. मला दहाला दुसऱ्या शाळेत पोचायचंय, नऊला निघावं लागेल, म्हणाले. मी म्हटलं, निदान चहा-पोहे घ्या, दप्तर बघा. दप्तर म्हणजे शाळेची सगळी रजिस्टरं. ती बघायला वेळ लागतो आणि मी ती सावकाश, एकेक करून पुढे सरकवत होते.

त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'शाळेचे ध्येय व त्यासाठी केलेले प्रयत्न'. त्यांनी मान वर करून दारावरची ओळ वाचली. ऑइल पेंट चकाकत होता.

"ध्येय झालं," ते म्हणाले. "प्रयत्न काय लिहू? रंग दिला?"

मी म्हटलं, साडेनऊला दाखवते.

नऊ वाजले. साहेबांनी फाईल बांधली आणि घड्याळ पाहिलं. उठले. पायरीवर चपला घालायला वाकले. नामदेवभाऊ कडुनिंबाखाली उभे होते. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी, आपल्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच, साडेनऊची घंटा वाजवली.

मी डोळे मिटून घेतले. रानात कोणाजवळ घड्याळ नसतं. घंटा हेच घड्याळ.

चार-पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग शाळेमागच्या पायवाटेवरून आवाज येऊ लागला आणि पाठोपाठ मुलं आली. पळत आली. घंटा झाली म्हणजे साडेनऊ झाले, आपल्यालाच उशीर झाला, असं समजून निघालेली. घरी टोपली टाकायलाही थांबली नव्हती. फुलांनी भरलेल्या टोपल्या डोक्यावर, काखेत, दोघींत मिळून एक. फाटकाशी येऊन पुढची मुलं थबकली. फाटक उघडं होतं. शेवंता आत शिरली, तिच्यामागे बाकीची. व्हरांड्यात भिंतीशी टोपल्यांची ओळ लागली. कोणाची टोपली पुढे यावरून थोडी ढकलाढकली झाली. दोन मिनिटांत सगळ्या शाळेला मोहाचा वास सुटला. नववीतली मुलं खिडक्यांत येऊन हसत होती आणि भूगोलाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नाही.

साहेब एका पायात चप्पल घालून उभे होते. ती त्यांनी काढली. वाकून एका टोपलीतलं फूल उचललं, मागेपुढे बघितलं, आतले केसर बोटाने काढून टाकले आणि फूल तोंडात टाकलं. मी आठ महिन्यांत हे कोणाला करताना पाहिलं नव्हतं. हे ज्याला येतं त्याने लहानपणी केलेलं असतं.

"औंदा चांगला पडला," ते म्हणाले.

मग ते आठवी ब मध्ये गेले आणि डोकी मोजली. अडतीस. मुलांना विचारलं, टोपलंभर ओली फुलं वाळली की किती उरतात? उत्तरं दहा दिशांनी आली. रुबिनांनी डस्टर ठेवला, खडू घेतला आणि त्यांच्याच उत्तरांवरून फळ्यावर पाण्याचं प्रमाण काढायला लावलं. साहेब मागच्या बाकावर बसले. दहाची शाळा त्यांनी साडेदहाला गाठली असेल.

जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. सकाळच्या शाळेची वेळ स्थानिक गरजेप्रमाणे बदलता येते, म्हणाले, पण शाळा समितीचा ठराव करा आणि ऑफिसला कळवा. "आणि मॅडम, नुसती वेळ लिहू नका. कारण लिहा. कारण लिहिलेलं नसलं की नवा माणूस येतो आणि फाडून टाकतो."

मी म्हटलं, हो, तसं होतं कधी कधी.

आठवी ब टिकली. रुबिना शेख त्या शाळेत पुढे इतकी वर्षं राहिल्या की आता मुलं त्यांना जुन्या मॅडम म्हणतात. मीटर त्यांना अजून सरळ कापता येत नाही. मी नंतर संस्थेच्या आणखी दोन शाळांत गेले. कुठेही गेले तरी पहिल्या आठवड्यात भिंतीवर काय लिहिलंय ते वाचत बसत नाही. शिपायाला चहा पाजते आणि विचारते, इथे कोणती गोष्ट विचित्र वाटते आणि ती का करतात? शाळा कशासाठी आहे ते बहुधा तिथेच सापडतं.

त्या शनिवारी सुट्टी झाल्यावर मुलं टोपल्या घेऊन गेली आणि व्हरांड्यात मुंग्यांची रांग लागली. ती पुढे तीन दिवस हटली नाही. मी नोटीसवही उघडली आणि लिहिलं, 'साडेनऊची घंटा साडेनऊलाच द्यावी. कारण, आधी दिल्यास मुलांना टोपल्या घरी ठेवता येत नाहीत व व्हरांड्यात मुंग्या होतात.'

नामदेवभाऊंनी चष्मा लावून ती नोटीस दोनदा वाचली. "आता बराबर हाय," म्हणाले आणि सही केली.